जगात न झालेली गाडी

बिभीषणराव काशीद तसे निगर्वी माणूस. गर्व म्हणावा असा त्यांना एकच होता, आणि तो कानाचा. एसटीच्या डेपोत, सुट्या भागांच्या भांडारात त्यांनी तीस वर्षं काढली होती. दुपारी जेवून जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी ते ओसरीतल्या कॉटवर आडवे होत, डोळे मिटत आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं नाव जाहीर करत. "डिझेल टेम्पो. डावं मागचं चाक हवेला कमी." मागाहून टेम्पोवाला पंक्चरवाल्याकडे उभा दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. त्यांच्या पत्नी श्रीदेवीबाई म्हणत, "कान बास झालं. आता डोळं उघडा, डाळ आणायची हाय."

गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईनं, सोनाबाईंनी, ट्रंकेच्या तळातून एक फोटो काढला आणि त्यांच्या छातीवर ठेवला.

"एवढं गाड्यांचं कळतंय न्हवं तुला? मग ह्यातली गाडी कुटली ते सांग."

फोटो सोनाबाईंच्या वडिलांचा, मानसिंगांचा. खाकी कोट, ताठ मान, आणि एका लष्करी गाडीच्या मडगार्डवर ठेवलेला हात. त्रेचाळीस साली हार घालून गावानं त्यांना लढाईवर पाठवलं. हा फोटो तेवढा टपालानं आला आणि पुढं ना पत्र, ना माणूस. सोनाबाई तेव्हा दोन वर्षांच्या. त्यांची आई भिमाबाई पुढं एकेचाळीस वर्षं कपाळभर कुंकू लावून जगली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, आणि ती कुणाला भीत नसे. चौऱ्याऐंशी साली ती गेली तेव्हा मात्र भावकीतल्या बायकांचं तिच्या उशाशी भांडण लागलं. सवाष्ण म्हणून हिरवं नेसवायचं, का विधवा म्हणून पांढरं? अर्धा तास ती तशीच पडून होती. शेवटी एका वडीलधाऱ्या जावेनं ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं. बावीस वर्षांचे बिभीषण दारात उभे होते. ते फडकं लाल झालेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि ते कधी विसरले नव्हते.

"नऊ दिवसांवर अविधवा नवमी आली," सोनाबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या आधी गेलेलीच्या नावानं लोक सवाष्ण जेवू घालत्यात. मी आईच्या नावानं एकदा बी घातली न्हाय. घालू का नको तेच कळलं न्हाय. आता मी चौऱ्याऐंशीची झाले. गाडी कळली की पलटण कळंल, पलटण कळली की बाप कवा मेला ते कळंल. आईचं कुंकू खरं हुतं का खोटं, एवढं मला सांग."

लढाई पंचेचाळीसला संपली, म्हणजे हिशेब सरळच आहे, हे बिभीषणरावांच्या जिभेवर आलं होतं. पण आईचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं आणि चष्मा लावला.

"दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. हे वाक्य पुढं श्रीदेवीबाईंनी त्यांना बऱ्याच वेळा ऐकवलं.

गाडीचं तोंड जीपचं होतं. मागचा भाग ट्रकचा. पुढच्या चाकाला पाच नट आणि मागच्याला सहा. बॉनेटवर ४१८ असा आकडा. भिंगातून बघता बघता बिभीषणराव सावल्यांवर आले. मानसिंगांची सावली जमिनीवर चांगली माणसाएवढी पडली होती. गाडीची सावली होती दोरीएवढी. एवढी धूड गाडी, आणि सावली एक काळी दोरी! त्यांनी भिंग वर सरकवलं. काचेमागं एक चेहरा होता. चेहरा होता, पण त्याच्याखाली खांदे नव्हते. आणि फोटो कसाही फिरवला तरी तो चेहरा बिभीषणरावांकडेच बघत होता.

त्यांनी फोटो पालथा ठेवला आणि चहा मागितला.

निवृत्त मंडळी डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज जमत. तिथं फोटो फिरला. एकानं अमेरिकन म्हटलं, दुसऱ्यानं इटालियन, तिसऱ्यानं ही मुळात रुग्णवाहिका असल्याचं शपथेवर सांगितलं. सगळ्यांत जुन्या मेकॅनिकनं फोटो बराच वेळ धरला, परत दिला आणि म्हणाला, "काशीद, अशी गाडी जगात झालीच न्हाय. हे घरात ठेवू नका." मग त्यानं उरलेला चहा तसाच ठेवला आणि तो उठून गेला. तीस वर्षांत त्यानं चहा टाकलेला कुणी पाहिला नव्हता.

मग सरकारी मार्ग. जुन्या सैनिकांची कागदपत्रं बघणाऱ्या एका कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी मानसिंगांचा लष्करी क्रमांक मागितला. तो नव्हता. बिभीषणरावांनी बॉनेटवरचा आकडा देऊ केला, तो चालत नव्हता.

"मग मृत्यूचा दाखला आणा."

"मॅडम, ते कधी वारले तेच शोधायला आलोय."

"दाखला नाही म्हणजे कागदावर ते हयात आहेत. मग हयातीचा दाखला आणा."

"अहो, एकोणीसशे अठरा सालचा जन्म आहे त्यांचा!"

"वयाची अट नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसाला खिडकीवरून असं बाजूला सारलं जावं, याचं बिभीषणरावांना फार वाईट वाटलं.

पितरांचा पंधरवडा लागला त्या दिवशी दुपारी बरोबर तीन वाजता तो आवाज आला.

आधी तीन ठसके. मग जड घरघर. आणि घरघरीतून मधूनच एक बारीक शिट्टी. बिभीषणरावांनी सवयीनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यांना नाव सुचेना. आवाज गल्लीच्या टोकाकडून सावकाश आला आणि थेट फाटकापाशी थांबला. आतून सोनाबाई म्हणाल्या, "गाडी आली बग."

ते उठून फाटकाशी गेले. गल्ली मोकळी होती. ऊन रणरणत होतं, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. रस्त्याच्या मधोमध झोपलेलं कुत्रं उठलं, वाट देतात तसं कडेला झालं आणि पुन्हा अंग टाकून झोपलं. पेट्रोलचा वास मात्र चांगला येत होता.

दुसऱ्या दिवशी तीनला तेच. तिसऱ्या दिवशीही. श्रीदेवीबाईंना काहीच ऐकू येत नसे, आणि सोनाबाई रोज पदर सारखा करून बसत, कुणी यायचं असल्यासारख्या. बिभीषणरावांना भीती वाटत होती यात शंका नाही, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा अपमान मोठा होता. भूत तर भूत, पण ते कुठल्या इंजिनावर चालतं हे तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला कळू नये?

शेजारचे चनबसप्पा मास्तर निवृत्त झाल्यापासून सल्ले देण्याचं काम पूर्णवेळ करत. त्यांनी भिंतीला कान लावून सगळं आधीच ऐकलं होतं.

"अय्यय्यो बिभीषणराव, ते गाडी न्यायला आलंय बघा," ते कुजबुजले. "म्हातारीला न्यायला. पंधरवड्यात येतात पितरं, आता गाडी करून येत असतील. फाटकाला लिंबू बांधा. आणि फाटकासमोर तुमची स्कूटर आडवी लावा. पार्किंग नाही म्हटल्यावर किती दिवस येईल?"

लिंबू बांधलं. स्कूटरही आडवी लावली. तीन वाजता आवाज आला, थांबला, आणि स्कूटर आपोआप स्टँडवरून कलंडून आडवी पडली. आरसा फुटला. मास्तरांनी ते आपल्या खिडकीतून पाहिलं, खिडकी लावून घेतली आणि दोन दिवस सल्ला दिला नाही.

बिभीषणराव मात्र खरोखर घाबरले ते मास्तरांच्या त्या पहिल्या वाक्याला. आई रोज पदर सारखा करून बसत होती, आणि रोज थोडी कमी जेवत होती.

मग श्रीदेवीबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी फोटोचा फोटो काढला आणि आपल्या भिशीच्या, योगाच्या आणि माहेरच्या अशा तिन्ही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सोडला. 'ही गाडी कुणी ओळखेल का? सासूबाईंचे वडील मानसिंग, लढाई १९४३.' खाली पत्ता आणि दोन हात जोडलेले.

सप्तमीच्या सकाळी माणसं यायला लागली. पहिल्या गृहस्थांनी पिशवीतून फोटो काढला. त्यांचे आजोबा, खाकी कोट, मडगार्डवर हात. गाडी तीच. ४१८. बिभीषणरावांना आनंद झाला, पलटण सापडली! दुसऱ्या बाई आल्या. त्यांचे चुलते, तोच कोट, तीच गाडी. तिसऱ्या फोटोत मुंडावळ्या बांधलेले नवरानवरी होते, साल एकोणपन्नास. गाडी तीच. चौथ्यात परकर-पोलक्यातल्या दोन बहिणी, साल त्रेपन्न. टीपॉयवर चारी फोटो मानसिंगांच्या फोटोशेजारी मांडले गेले. दहा वर्षांत गाडीवर एक ओरखडासुद्धा वाढला नव्हता. आणि चारी फोटोंत काचेमागचा तो चेहरा तसाच, त्याच वयाचा, आणि खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्याकडेच बघतोय. आणलेल्या बाकरवडीला कुणी हात लावेना.

पाचवे आले ते संगप्पा म्हणून नव्वदीचे एक गृहस्थ, काठी टेकत. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि एकदम हसायला सुरुवात केली. ते इतके हसले की दात काढून हातात घ्यावे लागले.

"अहो, हे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतलं फळी हाय की! फोटोवाला होता एक. लाकडाचं फळी कापून त्यावर गाडी रंगवलेलं. पेंटरनं खरी गाडी कधी बघितलीच नव्हती, मग पुढं एक रंगवलं, मागं एक. कोट पण त्याचंच. वाऱ्यानं फळी पडायचं म्हणून जो तो फोटोला उभा राहील त्याला हात लावून धरायला सांगायचा. मी पण धरलंय." त्यांनी आपला फोटो काढला. सहा वर्षांचे संगप्पा दोन्ही हातांनी मडगार्ड धरून उभे होते.

"आणि काचेतला तो माणूस?"

"रंगवलेलं साहेब. डोळे चांगले जमले होते त्याला."

मंडळी एकदम हलकी झाली, बाकरवडी संपली. आपापल्या घरातला वीर जत्रेतला निघाला याचं दुःख ज्याचं त्यानं पिशवीत घालून नेलं. बिभीषणराव एकटे बसून राहिले. म्हणजे फोटोवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. नवमी दोन दिवसांवर, आणि आईला सांगायचं काय? तुझा बाप फळीला टेकून उभा होता?

आणि दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली तेव्हा त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. गाडी जर लाकडाची फळी, तर रोज तीनला येतं ते काय? फळीला इंजिन नसतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. तीन ठसके, घरघर, शिट्टी. "गाडी आली बग," सोनाबाई आतून म्हणाल्या.

त्यांनी त्या दिवशी आईला काही सांगितलं नाही. रात्रभर पडून राहिले, एवढंच.

अष्टमीला दुपारी तीनला आवाज आला तेव्हा ते उठलेच नाहीत. तेवढ्यात श्रीदेवीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अवो, कसली गाडी आलीय बगा की फाटकात!"

श्रीदेवीबाईंना ऐकू आलं होतं. बिभीषणराव अनवाणी धावले. फाटकासमोर गाडी उभी होती. पुढं जीप, मागं ट्रक. बॉनेटवर ४१८. त्यांची नजर आपोआप चाकांकडे गेली. पुढं पाच नट, मागं सहा. सावली मात्र भली मोठी पडली होती, आणि गाडीतून चाळिशीचा एक माणूस टोपी काढत उतरला.

"मी अभिमन्यू. सांगोल्याचा, डाळिंबवाला. मानसिंग आमचं आजोबा."

बिभीषणरावांनी फाटक उघडलं. अभिमन्यूनं खिशातून फोटो काढला. तोच, अगदी तोच. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'याची जोडी भिमाकडे आहे.'

"भिमा कोण, आमच्यात कुणाला ठाव न्हवतं," अभिमन्यू आत बसल्यावर खाली बघत सांगू लागला. "आजोबांनी जाताना वडिलांना सांगितलं, आन् वडलांनी गेल्या साली जाताना मला. जत्रेत फोटो काढून भरतीला गेलं, तर तितं छाती दोन इंच कमी भरली. परत पाठवलं. गावानं तर हार घालून काढलं हुतं. कुटल्या तोंडानं माघारी जायचं? मग सांगोल्याला एका गॅरेजात राहिलं. पुढं तितंच दुसरं घर झालं. आमची आजी बी काय ठाव नसतानाच गेली. ही गाडी त्यांनी फोटो बघून बघून दहा वरसं भंगारातनं जुळवली. लई दुष्काळ पडला की हिच्यावरच टाकी ठेवून पाणी वाटायचं. तुमचा फोटो मोबाइलवर आला, आन् मला राहवलं न्हाय."

"ही गाडी," बिभीषणराव कसेबसे म्हणाले, "गेले आठ दिवस कुठं होती?"

"शेडमधी. बॅटरी काढलेली, चार वरसं बंदच हुती. काल रात्री चालू केली. सोलापूर तिनं आज पहिल्यांदा बघितलं."

सोनाबाई दारात येऊन केव्हाच्या उभ्या होत्या. बिभीषणरावांना वाटलं, आता ही कोसळणार. दोन इंचांसाठी बाप आईला टाकून गेला, तीस कोसांवर जगला. पण सोनाबाईंनी एकच विचारलं.

"गेला कवा?"

"एकोणनव्वद साली. चैत्रात."

सोनाबाईंनी बोटांवर मोजलं. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. करंगळीवरून अंगठ्यावर आल्या आणि थांबल्या. मग त्या देवघरात गेल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि भिंतीवरच्या, कपाळ पुसल्यावर काढलेल्या आईच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचा हात पुरत नव्हता. बिभीषणरावांनी तसबीर उतरवून त्यांच्यासमोर धरली. काचेवर, त्या कोऱ्या कपाळावर, सोनाबाईंनी अंगठ्यानं रुपयाएवढं कुंकू लावलं.

"अहेव गेली माझी आई," त्या म्हणाल्या. मग त्या बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. बिभीषणरावही तसबीर हातात घेऊन रडले. त्या कचेरीतल्या बाईंनी हयातीचा दाखला मागितला होता तो उगीच नव्हता, हे त्यांना आता कळलं.

डोळे पुसल्यावर सोनाबाईंनी फर्मान काढलं. आई गेली तेव्हापासून बाप जाईपर्यंत पाच नवम्या हुकल्या होत्या, तेव्हा उद्या पाच सवाष्णी. पितृपंधरवड्यात आयत्या वेळी पाच सवाष्णी मिळवणं म्हणजे काय, ते ज्याला करावं लागलं त्यालाच ठाऊक. प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी जेवायला होतं. चनबसप्पांच्या घरी बिभीषणरावांनी तीन खेपा घातल्या, तेव्हा मास्तरांनी आपल्या पत्नीला, महेश्वरीबाईंना, लिंबू हातात देऊन पाठवायचं कबूल केलं. नवमीच्या दुपारपर्यंत चार जमल्या. पाचवी अभिमन्यूची बायको ऋतुजा, सांगोल्याहून येणार होती.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पुरणपोळ्या गार झाल्या. चारही जणी पानांसमोर बसून घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी पावणेतीनला ऋतुजा घामाघूम होऊन आली, मागं अभिमन्यू.

"एसटीनं आलो. गाडी काल जाताना मंगळवेढ्यातच बंद पडली. गिअर गेलाय तिचा, आता महिनाभर हलत न्हाय."

एसटीनं आणलं म्हटल्यावर बिभीषणरावांना एवढ्या गडबडीतही बरं वाटलं. सोनाबाईंनी पाची जणींचे पाय धुतले, ओट्या भरल्या आणि वाढायला घेतलं. पहिला घास उचलला गेला आणि घड्याळात तीन वाजले.

तीन ठसके. घरघर. बारीक शिट्टी.

अभिमन्यूच्या हातातला तांब्या खाली पडला. या खेपेला सगळ्यांनी ऐकलं. महेश्वरीबाईंनी लिंबू घट्ट धरलं. बिभीषणराव फाटकापर्यंत गेले. गल्ली मोकळी होती. कुत्रं उठून कडेला झालं होतं. आवाज अगदी समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून येत होता, आणि गाडी कुणाची ते आज त्यांना बरोबर ठाऊक होतं. ते नाव घेण्याचा धीर मात्र झाला नाही. ते मागं वळले.

"आई," ते दारातून हळूच म्हणाले, "आत बोलवू का?"

सोनाबाई ऋतुजाच्या पोळीवर तूप वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबू दे भाईर. आधी आई जेवू दे. तिनं एकेचाळीस वरसं वाट बगितली, त्यानं घडीभर बगावी की."

बिभीषणराव फाटकाशीच उभे राहिले. पाची जणी सावकाश, पोटभर जेवल्या. तोवर बाहेर घरघर चालूच होती. पाचवी सवाष्ण हात धुऊन उठली, तेव्हा आवाज थांबला आणि कुत्रं पुन्हा रस्त्याच्या मधोमध येऊन झोपलं.